सैनिकाचे चिलखत

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात असई नावाचे एक गाव आहे. केळना आणि जुई या दोन नद्या या परिसरात एकमेकींच्या जवळ येतात आणि त्यांच्या बेचक्यात काळ्या जमिनीची शेते पसरलेली आहेत. भाद्रपद सरता सरता ही शेते हिरवीगार असतात. बांधावरून जाणाऱ्या वाटसरूस येथे कधी काळी काही विपरीत घडले असेल, अशी शंकाही येत नाही. परंतु २३ सप्टेंबर १८०३ या दिवशी याच शेतांत तिसऱ्या प्रहरापासून तोफा धडाडत होत्या. एका बाजूस दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य होते. दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य होते व त्याचा सेनापती आर्थर वेलस्ली हा होता. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन या नावाने प्रसिद्धीस आला.

वेलस्लीची फौज लहान होती आणि केळना नदी कोठे ओलांडावी हे वाटाड्यांस नीट सांगता येईना. तेवढ्यात नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन खेडी त्याच्या दृष्टीस पडली. इतकी जवळची दोन गावे आणि त्यांच्यात ये-जा नाही, असे कसे होईल? तेव्हा येथे उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला आणि तो खरा ठरला. मात्र उतारावर पोचताच शिंद्यांच्या तोफांचा मारा सुरू झाला. वेलस्लीच्या अगदी जवळचा एक स्वार गोळा लागून जागीच ठार झाला. शिंद्यांचे गोलंदाज आपल्या कामात अतिशय तरबेज होते. शत्रू अगदी अंगावर येईपर्यंत ते तोफांपासून हलले नाहीत, आणि मेल्याचे सोंग घेऊन पडलेल्या काहींनी तर शत्रूची रांग पुढे सरकताच उठून त्याच तोफा मागून त्याच्यावर डागल्या.

त्या तोफांतून नुसते भरीव गोळेच सुटत नव्हते. शत्रू जवळ आला की पत्र्याच्या डब्यात गच्च भरलेल्या लहान गोळ्या तोफेत घालून उडवीत. डबा तोंडाशीच फुटे आणि गोळ्यांची गारपीट समोरच्या रांगेवर कोसळे. वेलस्लीच्या सैन्यातील ७४ क्रमांकाची पलटण चुकून थेट असई गावाच्या दिशेने गेली व या गारपिटीत सापडली. त्या पलटणीत सुमारे पाचशे माणसे होती. त्यांपैकी सुमारे चारशे ठार वा जखमी झाली. एकंदर कंपनीच्या बाजूस ४२८ माणसे ठार व १,१३८ जखमी झाली. शिंदे-भोसल्यांच्या बाजूची हानी याहून कितीतरी मोठी होती. मृत व जखमी मिळून ती सुमारे सहा हजारांच्या घरात गेली असावी, असा अंदाज आहे.

आता त्या दिवशी या शिपायांच्या अंगावर काय होते ते पाहू. गोऱ्या शिपायाच्या अंगात लोकरीचे तांबडे डगले होते आणि खांद्यावरून छातीवर आडवे गेलेले चामड्याचे पट्टे होते. एतद्देशीय शिपायाचा पोशाखही याच धर्तीचा होता. शिंद्यांच्या कवायती पलटणी युरोपियन पद्धतीने तयार केलेल्या होत्या. त्यांच्याही अंगावर कापडच होते. ज्या गोळ्या झाडाचे खोड फोडीत, त्यांच्यासमोर दोन्हीकडची हजारो माणसे नुसत्या कापडानिशी उभी होती. इतकेच नव्हे, तर हे कापड अनेकदा घातक ठरे. गोळी शरीरात शिरताना डगल्याची मळकी चिंधीही आपल्याबरोबर आत नेई, जखम चिघळे, आणि गोळीने न मेलेला शिपाई चार दिवसांनी तापाने मरे.

यात एक नवल आहे. असईच्या लढाईच्या दीड-दोनशे वर्षे आधी याच मुलुखातील योद्धे अंगात लोखंड घालून लढत असत. मग त्यांच्या नातवा-पणतवांनी ते उतरवून का ठेवले? लोक काही आपल्या जिवावर उदार झाले होते, असे नव्हे.

जुन्या चिलखताची रचना समजून घेतल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. शिवाजी महाराजांच्या चित्रात त्यांच्या मस्तकावर जो टोप दिसतो त्यास आपण जिरेटोप म्हणतो. स्वयंपाकघरातील जिऱ्याशी या नावाचा काडीमात्र संबंध नाही. ‘जिरह’ या फारसी शब्दाचा अर्थ लोखंडी कड्यांचे जाळीदार चिलखत असा आहे, आणि त्यावरूनच जिरेटोप व जिरेबख्तर हे शब्द मराठीत आले. असे चिलखत करणे हे मोठ्या चिकाटीचे काम असे. लोखंडाच्या तारेची लहान लहान कडी करावयाची, प्रत्येक कडे शेजारच्या चार कड्यांत अडकवावयाचे आणि त्याची टोके ठोकून पक्की करावयाची. अशी हजारो कडी जोडली म्हणजे एक अंगरखा तयार होई. तो कापडासारखा लवचीक असे. तो घालून घोड्यावर बसता येई, वाकता येई, हात उगारता येई. तलवारीचा वार त्यावर बसला की पाते कड्यांवरून घसरे. ज्यांना अधिक संरक्षण हवे असे ते छाती, पाठ आणि दोन्ही बगला यांवर पोलादाचे चार पत्रे बांधीत. हे पत्रे आरशासारखे चकचकीत असत, म्हणून त्यास चारआईना म्हणत.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीस जाताना महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत व मंदिलाच्या आत लोखंडी टोप घातला होता, आणि खानाने केलेला कट्यारीचा वार म्हणूनच अंगापर्यंत पोचला नाही, असे परंपरेने सांगितले जाते. ही हकीकत महाराष्ट्रातील लहान मुलासही ठाऊक आहे. तिच्यातील एक गोष्ट मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. ते चिलखत वरून दिसत नव्हते. जे अंगरख्याच्या आत बेमालूम लपू शकते आणि जे घालून मनुष्य सहजपणे चालू शकतो, तेच चिलखत उपयोगाचे. अंगावर लोखंडाचा रांजण चढविला तर कोणताही वार लागणार नाही हे खरे, परंतु त्या रांजणात बसलेला मनुष्य लढणार कसा?

सामान्य शिलेदार-बारगिरास लोखंडाचे चिलखत परवडतही नसे. पुष्कळांच्या अंगात गोधडीप्रमाणे कापसाचे थर देऊन दाट टाके घातलेली जाड बंडी असे. ती स्वस्त असे, हलकी असे आणि ओझरत्या वारापासून किंवा लांबून आलेल्या बाणापासून पुष्कळसे रक्षण करी. मराठी घोडदळाची सारी भिस्त वेगावर होती. दहाबारा किलोंचे चिलखत स्वाराबरोबर त्याच्या घोड्यासही वाहावे लागे. घोडा दमला की मैलांचा हिशेब चुके, आणि मैलांचा हिशेब चुकला की शत्रू गाठे. चिलखताचे वजन आणि त्यापासून मिळणारे संरक्षण यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न तेव्हाही होता.

बंदुकीने हा मेळ पार बिघडवून टाकला. असईच्या काळातील बंदुकीची शिशाची गोळी सुमारे ३० ग्रॅम वजनाची असे. तलवारीचा वार मनुष्याच्या दंडाच्या बळाने बसतो, तर गोळीमागे दारूच्या स्फोटाचे बळ असते. साखळीचे चिलखत तिच्यापुढे टिकेना. उलट तुटलेल्या कड्यांचे तुकडे जखमेत जात. मग पत्रा जाड करावा, तर तो इतका जड होई की पायदळाच्या शिपायास तो अंगावर घेऊन दिवसाकाठी दहा कोसांची मजल मारता येईना. युरोपातील काही घोडेस्वारांनी छातीवरचा पोलादी पत्रा पुढेही बराच काळ टिकविला, आणि आपल्याकडील सरदारांच्या घरी जुनी बख्तरे मानाने जपली गेली. परंतु रणांगणावरच्या सामान्य शिपायाने मात्र लोखंडास निरोप दिला. वाचविणार नसेल ते ओझे कशाला वाहावयाचे, असा हा सरळ व्यवहार होता. असईच्या शेतांत जी माणसे कापडानिशी उभी होती, ती या व्यवहारामुळे.

हीच स्थिती पुढे शंभराहून अधिक वर्षे राहिली. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा फ्रान्सचा शिपाई कापडाची टोपी घालून लढाईस गेला. आणि त्याच्या मदतीस हजारो मैलांवरून गेलेले हिंदी शिपाई पागोटे बांधून फ्रान्समधील चिखलाने भरलेल्या खंदकांत उतरले. खंदक खोल असल्यामुळे शरीराचा बहुतेक भाग जमिनीच्या आड राही. परंतु आता तोफगोळे डोक्यावर, हवेत फुटू लागले होते. त्यांतील गोळ्या आणि गोळ्याच्या कवचाच्या ठिकऱ्या वरून खाली कोसळत. त्या थेट मस्तकावर येत. डोक्याच्या जखमांनी रुग्णालये भरून गेली.

तेव्हा ज्या लोखंडास निरोप दिला होता त्यास पुन्हा बोलावणे धाडण्यात आले. १९१५ साली फ्रान्समध्ये आद्रियां या अधिकाऱ्याने आपल्या सैन्यासाठी पोलादी टोप तयार करविला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन ब्रॉडी याने उथळ परातीसारखा दिसणारा रुंद कडांचा टोप काढला. तो दिसावयास काही डौलदार नव्हता. परंतु त्याच्या रुंद कडांमुळे वरून पडणाऱ्या ठिकऱ्यांपासून मान व खांदेही काही अंशी झाकले जात. त्याचे वजन सुमारे एक किलोहून थोडे अधिक होते, म्हणजे शिपायास ते दिवसभर डोक्यावर बाळगता येण्यासारखे होते. समोरून नेम धरून मारलेली रायफलीची गोळी हा टोप थोपवू शकत नसे. त्यासाठी तो केलेलाच नव्हता. मंद गतीने येणाऱ्या ठिकऱ्यांपासून रक्षण करणे एवढेच त्याचे काम होते, आणि त्या युद्धात बहुतेक संकट ठिकऱ्यांचेच होते. सर्व काही थोपविण्याचा हट्ट सोडल्यामुळेच लोखंड पुन्हा उपयोगी पडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या टोपाचे पोलादही साधे नव्हते. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार करण्याचे मोठमोठे कारखाने आहेत. पोलादाची तप्त कांडी लाटली जाताना पाहण्याची संधी तेथील पुष्कळ लोकांस मिळते. त्या सळयांचे पोलाद घराचा भार पेलण्यासाठी योग्य असते. टोपाच्या पोलादात मात्र सुमारे १२ टक्के मँगनीज मिसळलेले असे. रॉबर्ट हॅडफील्ड या इंग्रज धातुशास्त्रज्ञाने १८८२ साली शोधलेल्या या पोलादाचा गुण असा की, त्यावर आघात झाला म्हणजे ते त्या जागी अधिकच कठीण होते आणि तरीही तडकत नाही.

टोपाच्या आतील रचना बाहेरच्या पोलादाइतकीच महत्त्वाची आहे. पाण्याची घागर डोक्यावर घेताना बायका खाली चुंबळ ठेवतात. चुंबळीमुळे घागरीचा भार एका बिंदूवर न पडता डोक्यावर सर्वत्र वाटला जातो. टोपाच्या आत पट्ट्यांची जी गादी असते ती हेच काम करते. शिवाय टोप आणि कवटी यांच्यामध्ये ती मोकळी जागा ठेवते. आघाताने टोपास पोचा पडला तरी तो पोचा त्या मोकळ्या जागेतच राहावा, कवटीस टेकू नये, हा त्यातील हेतू आहे. गादी काढून टाकलेला टोप कितीही भक्कम असला तरी त्याने मस्तक वाचत नाही.

मस्तकाचा प्रश्न असा काही अंशी सुटला. छातीचा प्रश्न मात्र अवघड होता, कारण छाती-पाठ झाकावयाची तर पत्रा मोठा हवा, आणि मोठा पत्रा म्हणजे पुन्हा वजन. हा पेच सुटला तो लोखंडाने नव्हे, कापडाने. आणि तोही युद्धाचा विचार मनात नसलेल्या एका स्त्रीच्या हातून.

स्टेफनी क्वोलेक ही अमेरिकेतील ड्यू पाँ या कंपनीत काम करणारी रसायनशास्त्रज्ञ. मोटारीच्या टायरात घालण्यासाठी हलका व मजबूत धागा करता येईल का, याचा शोध ती घेत होती. १९६५ साली तिने एक द्रावण तयार केले. असे द्रावण सामान्यतः मधासारखे दाट व स्वच्छ असते. हे मात्र पातळ व गढूळ झाले. दुसऱ्या कोणी ते बिघडले म्हणून ओतून दिले असते. धागा काढण्याचे यंत्र चालविणारा गृहस्थही ते यंत्रात घालण्यास तयार होईना. गढूळ पदार्थाने यंत्राची बारीक छिद्रे बुजतील अशी त्यास भीती वाटत होती. क्वोलेकने आपला आग्रह सोडला नाही. अखेर त्या द्रावणाचा धागा काढला, तेव्हा तो अपेक्षेबाहेर चिवट निघाला. वजनास वजन धरले तर हा धागा पोलादाच्या पाचपट मजबूत आहे. त्यासच पुढे केव्हलार असे नाव मिळाले.

धाग्याने गोळी कशी अडते, याचे नवल वाटणे साहजिक आहे. घरातील सुतळीने विणलेली बाज आठवावी. तिच्या मध्यभागी बसले की केवळ खालचीच सुतळी ताणली जात नाही. त्या सुतळीला आडवी गेलेली प्रत्येक सुतळी ताणली जाते आणि भार थेट चारी गातांपर्यंत पोचतो. गोळी केव्हलारच्या विणीवर आदळते तेव्हा असेच होते. तिचा जोर ज्या बिंदूवर पडला तेथून धाग्यांतून चोहीकडे पसरतो. पहिला थर कदाचित फाटतो, दुसराही फाटतो. परंतु एकाखाली एक असे अनेक थर असतात, आणि प्रत्येक थर गोळीचा थोडा थोडा वेग काढून घेतो. शिशाची मऊ गोळी तोवर चेपून पसरट झालेली असते, म्हणून पुढच्या थरात शिरणे तिला अधिकच कठीण जाते. थरावर थर घालून टाके घातलेल्या जुन्या कापसाच्या बंडीमागील कल्पनाही हीच होती. कापसाच्या अंगी तेवढी ताकद नव्हती, इतकेच.

परंतु येथे एक अडचण उभी राहते. पिस्तुलाची गोळी व रायफलीची गोळी यांत मोठा फरक आहे. दोन्ही सुमारे आठ ग्रॅम वजनाच्या असू शकतात. पिस्तुलाची गोळी सेकंदास साधारण ४०० मीटर वेगाने जाते, तर एके-४७ सारख्या रायफलीची सुमारे ७१५ मीटर वेगाने. वेग दुपटीहूनही कमी वाढला. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्यामुळे ती तिपटीहून अधिक होते. ही ऊर्जा किती असते? एक क्विंटल ज्वारीचे पोते जमिनीपासून दोन मीटर उंचीवरून खाली सोडले, तर ते जेवढ्या ऊर्जेने आदळेल तेवढी त्या आठ ग्रॅमच्या गोळीत असते. गोळी माणसास पोत्यासारखी खाली पाडीत नाही. ती ही सारी ऊर्जा बोटाच्या पेराहूनही लहान जागेवर ओतते, आणि म्हणूनच घातक ठरते. त्यातून काही गोळ्यांच्या पोटात कठीण पोलादाची सुई असते. ती चेपत नाही. धागे बाजूला सारून सरळ पार होते.

अशा गोळीसाठी धाग्याच्या थरांपुढे एक कठीण फळी बसवितात. ही फळी धातूची असण्यापेक्षा चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची, म्हणजे सिरॅमिकची असणे अधिक सोयीचे. फरशीसारखा ठिसूळ पदार्थ गोळीपुढे ठेवावयाचा, हे ऐकण्यास विचित्र वाटते. परंतु हा पदार्थ गोळीच्या पोलादापेक्षाही कठीण असतो. गोळी आदळताच फळी त्या जागी फुटते खरी, पण फुटता फुटता गोळीचे टोकही फोडते. मग मागचे थर त्या तुकड्यांस झेलतात. या कामास सर्वांत हलका व कठीण पदार्थ म्हणजे बोरॉन कार्बाइड. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड असते. बोरॉन कार्बाइड केवळ अडीचपट.

बोरॉन कार्बाइडचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. हा पदार्थ न्यूट्रॉन शोषून घेतो, म्हणून अणुभट्टीची गती आवरणाऱ्या दांड्यांत त्याचा उपयोग होतो. त्यामुळे मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांस त्याची चांगली ओळख होती. त्याची भुकटी प्रचंड उष्णतेत दाबून फळ्या करण्याचे त्यांचे ज्ञान पुढे सैनिकांच्या कामी आले आणि ‘भाभा कवच’ नावाचे जाकीट तयार झाले. कानपूर येथील संरक्षण संशोधन संघटनेच्या प्रयोगशाळेनेही २०२४ साली एक अतिशय हलके जाकीट सिद्ध केले. भारतीय मानक ब्युरोने २०१८ साली गोळीरोधक जाकिटांच्या सहा श्रेणी ठरविल्या आहेत. त्यांतील सहाव्या, म्हणजे सर्वांत कठीण कसोटीस हे जाकीट उतरले. त्याच्या फळीचे वजन चौरस मीटरास सुमारे ४० किलो पडते. छाती झाकण्यास साधारण पाव मीटर रुंद व त्याहून थोडी उंच फळी लागते. म्हणजे छातीसाठी सुमारे तीन किलो आणि पाठीसाठी तितकेच.

हे सर्व वाचून सैनिक आता अभेद्य झाला, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. फळी हृदय व फुप्फुसे झाकते; मान, खांदे, हात, पाय आणि चेहरा उघडाच राहतो. काश्मीरमधील आपल्या जवानांनी अनेक वर्षे जो ‘पटका’ वापरला, त्याचे उदाहरण पाहावे. हे शिरस्त्राण अडीच किलोंच्या आसपास भरे. रायफलीच्या गोळीपासून कपाळ व डोक्याची मागील बाजू वाचावी म्हणून त्यात जाड पोलाद बसविलेले असे. साऱ्या डोक्यास तेवढे पोलाद लावले असते तर मान वाकली असती, म्हणून बाकीचा भाग तसाच सोडावा लागे. कोठे झाकावे आणि कोठे उघडे ठेवावे, हे ठरविणाऱ्याचे काम किती कठीण असेल याची यावरून कल्पना येते. पुढे २०१७ च्या सुमारास सर्व डोके झाकणारी व हलकी शिरस्त्राणे सैन्यासाठी मागविण्यात आली.

शिवाय चिलखत असणे आणि ते वेळेवर अंगावर असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवाद्यांनी हल्ला केला, तेव्हा गिरगाव चौपाटीजवळ नाकाबंदीवर उभे असलेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या हातात केवळ लाठी होती. समोरच्या मोटारीतील अजमल कसाब याच्या हातात एके-४७ होती. ओंबळे यांनी तिची नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. गोळ्या त्यांच्या शरीरात शिरत असतानाही त्यांनी ती सोडली नाही, आणि त्यामुळे त्यांच्या सहकाऱ्यांस कसाबला जिवंत पकडता आले. ओंबळे यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्यांच्या अंगावर पोलिसाचा साधा गणवेश होता, म्हणजे पुन्हा कापडच. असईच्या शिपायांच्या अंगावर होते तसे. त्यांच्या शौर्याचे गोडवे गाताना हेही विसरू नये की, अशा माणसाच्या अंगावर चांगले चिलखत असावयास हवे होते.

फळ्या, धाग्यांचे थर आणि पट्टे मिळून पुरे जाकीट सुमारे दहा किलोंचे होते, म्हणजे पाण्याने भरलेल्या घागरीएवढे. त्यावर बंदूक, काडतुसे, पाणी व शिधा यांचे ओझे निराळेच. मराठवाड्यातील वैशाखाच्या उन्हात नुसता सदराही अंगावर नकोसा होतो. धाग्याच्या दाट थरांतून तर वाराही आत येत नाही. मग सैनिकास मोह होतो की, आज चकमकीचा संभव नाही, तर एक फळी काढून ठेवावी. अर्धा किलो वजन कमी करण्यासाठी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे का झटतात, हे ज्याने घागर घेऊन चार मैल चाल केली असेल त्यास सांगावे लागणार नाही.

जाकीट सैनिकाच्या हाती देण्यापूर्वी त्याची परीक्षा होते. एका चौकटीत मऊ चिकणमातीसारखा लगदा थापून त्यावर जाकीट बांधतात आणि ठरावीक अंतरावरून त्यावर गोळ्या झाडतात. गोळी आरपार गेली तर जाकीट बाद होते, हे उघडच आहे. परंतु गोळी अडली तरी परीक्षा संपत नाही. जाकीट सोडवून मागच्या लगद्यात किती खोल खळगा पडला ते मोजतात, कारण गोळी आत न शिरताही तिच्या धक्क्याने बरगड्या मोडू शकतात. अमेरिकेतील पोलिसांसाठी ठरविलेल्या मानकात हा खळगा ४४ मिलिमीटरांहून खोल असता कामा नये, असा नियम आहे. एकाच फळीवर गोळ्या पुन्हा पुन्हा मारून पाहतात. कारण ज्या ठिकाणी सिरॅमिक एकदा फुटले तेथे दुसरी गोळी बसली, तर ती थोपविण्यास पुढे काही उरलेले नसते.

परीक्षेत उतरलेले जाकीटही कायमचे नसते. ऊन व ओलावा यांनी केव्हलारचा धागा हळूहळू दुबळा होतो, म्हणून त्यास पाण्यापासून व उन्हापासून वाचविणाऱ्या वेष्टनात शिवतात आणि त्याच्या वापराची मुदत ठरवितात. सिरॅमिकची फळी हातातून दगडावर पडली तर वरून काही न दिसताही आत तडा जाऊ शकतो. असा तडा क्ष-किरणांनी पाहावा लागतो. म्हणून छावणीत परतल्यावर सैनिक ती फळी भिंतीशी आपटून ठेवीत नाही. अंगावरून जाकीट उतरवून, घाम पुसून, तो ती अलगद आडवी ठेवतो.